नवजात श्वासावरोध आणि बालकाचा दीर्घकालीन विकास : एक ऐतिहासिक आढावा

जन्मतः श्वास न घेणाऱ्या बालकास उपचारांनी वाचविले, तरी त्याचा पुढील विकास कसा होईल, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. लंडनचे अस्थिशल्यविशारद विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये कठीण प्रसूती व श्वासावरोध यांचा संबंध मुलांच्या अवयवांतील ताठरपणाशी जोडला. याउलट, कठीण प्रसूती हे गर्भावस्थेतीलच एखाद्या दोषाचे लक्षण असू शकेल, असे मत सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९७ मध्ये मांडले. मात्र ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांची १९५३ मधील गुणांकन पद्धती नवजाताची तात्कालिक अवस्था जोखण्यासाठी होती. पुढे तिच्याकडे भविष्यसूचक म्हणून पाहिले जाऊ लागले. अमेरिकेतील सुमारे ४९,००० बालकांवर आधारित नेल्सन व एलेनबर्ग यांच्या १९८१ च्या अभ्यासाने ही धारणा तपासली. दहा मिनिटांनी वा त्यानंतरही केवळ तीनपर्यंत गुण मिळालेल्या व पुढे जगलेल्या ९९ बालकांपैकी १२ जणांना सेरेब्रल पाल्सी झाली. दुसरीकडे, सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपैकी ५५ टक्क्यांना पहिल्याच मिनिटाला सात ते दहा गुण होते.

तात्पर्य, जन्मक्षणीच्या गुणांवरून बालकाच्या भवितव्याचा निवाडा करणे, अथवा प्रसूती करणाऱ्यास दोषी ठरविणे, अशास्त्रीय ठरते. अशा बालकांचा शालेय वयापर्यंत नियमित पाठपुरावा करणे हेच त्यांच्या हिताचे होय.