राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा, पुणे (२००८)

राष्ट्रकुलातील देशांच्या अठरा वर्षांपर्यंतच्या खेळाडूंसाठी भरविण्यात येणाऱ्या क्रीडामहोत्सवाचे तिसरे अधिवेशन. हे अधिवेशन १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत झाले. पहिले अधिवेशन स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे २००० साली आणि दुसरे ऑस्ट्रेलियातील बेंडिगो येथे २००४ साली भरले होते. त्या दोन्ही वेळी सहभागी देशांची संख्या पंचविसाच्या आत राहिली. पुण्यास मात्र ७१ देशांची पथके आली, आणि राष्ट्रकुलाचा विस्तीर्ण मुलूख कुमारांच्या या मेळ्यात प्रथमच खऱ्या अर्थाने एकत्र आला.

मुळा नदीच्या दक्षिण तीरावर बालेवाडी आणि उत्तर तीरावर वाकड, पहिली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत, तर दुसरे पिंपरी-चिंचवडच्या. त्यामुळे दप्तरी ही स्पर्धा पुण्याच्या नावावर असली तरी चिंचवड, थेरगाव, वाकड या बाजूच्या रहिवाशांना ती पुण्याच्या पेठांतील लोकांपेक्षा अधिक जवळची होती. मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून असलेली ही क्रीडानगरी मुळात १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभारण्यात आली. तिचे वास्तुरचनाकार शशी प्रभू होत. दीडशे एकरांहून अधिक विस्ताराच्या एकाच आवारात मुख्य क्रीडांगण, तरणतलाव, नेमबाजीची केंद्रे आणि कुस्ती, बॅडमिंटन इत्यादी खेळांची बंदिस्त सभागृहे असावीत, ही कल्पना त्या काळी महाराष्ट्राला नवी होती.

दिल्लीस २०१० सालची राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरविण्याचा मान नोव्हेंबर २००३ मध्ये जमैकातील माँटेगो बे येथे, कॅनडातील हॅमिल्टन शहराला मागे टाकून, मिळाला होता. तेव्हा थोरांच्या त्या सोहळ्यापूर्वी दोन वर्षे कुमारांची स्पर्धा पुण्यास भरवावी, या तजविजीत रंगीत तालमीचा हेतू उघड होता. पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते, हे लक्षात घेतले म्हणजे यजमानपद याच शहराकडे का आले, याचा उलगडा करण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. स्पर्धेचे बोधचिन्ह म्हणून ‘जिगर’ नावाचा वाघ मुक्रर करण्यात आला. दिल्लीच्या स्पर्धेचे बोधचिन्ह असलेल्या ‘शेरा’चा हा धाकटा भाऊच म्हणावयाचा.

मैदानी खेळ, जलतरण, बॅडमिंटन, टेनिस, टेबल टेनिस, मुष्टियुद्ध, नेमबाजी, भारोत्तोलन व कुस्ती या नऊ क्रीडाप्रकारांत सामने झाले. हॉकीचा त्यांत अंतर्भाव नव्हता. ज्या जिल्ह्यातील खडकीने धनराज पिल्ले यांच्यासारखा, चार ऑलिंपिक स्पर्धा खेळलेला हॉकीपटू दिला, आणि ज्याच्या पिंपरी-नेहरूनगर येथील मेजर ध्यानचंद हॉकी मैदानावर पुढे डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेथे कुमारांचा एवढा आंतरराष्ट्रीय मेळा हॉकीवाचून पार पडावा, ही उणीव या भागातील क्रीडाप्रेमिकास सलण्यासारखीच आहे.

पदकतक्त्यात भारत ३३ सुवर्ण, २६ रौप्य व १७ कांस्य, अशा एकूण ७६ पदकांसह अग्रस्थानी राहिला; ऑस्ट्रेलिया द्वितीय व इंग्लंड तृतीय आले. हे यश निर्विवाद असले तरी त्याचे मूल्यमापन सावधपणे करावयास हवे. मुलींच्या बॅडमिंटनमध्ये सुवर्णपदक मिळविणारी सायना नेहवाल अवघ्या दोन महिन्यांपूर्वी बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारून आलेली होती. वयाच्या नियमात ती बसत असली तरी तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलींच्या दृष्टीने तो सामना बरोबरीचा नव्हता. त्याच वर्षी पुण्यासच भरलेल्या जागतिक कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने जपानच्या सायाका सातो हिला नमवून अजिंक्यपद मिळविले, आणि तो बहुमान मिळविणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. मुलांच्या बॅडमिंटनमधील सुवर्णपदक गुरुसाईदत्त याने पटकावले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या अधिवेशनातून उदयास आलेले सर्वांत महत्त्वाचे नाव कोल्हापूरच्या राही सरनोबत हिचे होय. पिस्तूल नेमबाजीतील आपले पहिले आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक तिने बालेवाडीस मिळविले, तेव्हा तिला अठरावे वर्षही पूर्ण व्हावयाचे होते. पुढे २०१३ मध्ये कोरियातील चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण मिळवून, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरून, तिने त्या पहिल्या यशाची सार्थकता सिद्ध केली. युवा स्पर्धेचे खरे मोल पदकांच्या बेरजेपेक्षा अशा पुढील कारकिर्दींवरूनच ठरवणे योग्य.

स्पर्धेनंतर क्रीडानगरी ओस पडली नाही, ही समाधानाची बाब. २०१८ पासून काही वर्षे पुरुषांची महाराष्ट्र खुली टेनिस स्पर्धा येथे भरत असे, आणि २०२२ च्या महिला आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेतील काही सामनेही येथे झाले. युवा स्पर्धेची पुढील अधिवेशने आइल ऑफ मॅन (२०११), सामोआ (२०१५), बहामा (२०१७) आणि त्रिनिदाद व टोबॅगो (२०२३) येथे झाली. पुण्यानंतर ती भारतात पुन्हा भरलेली नाही.