जुनी जीप घेताय? बोनेटखालचं घराणं बघा

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात वाड्या आडव्या झाल्या, रस्ते बंद झाले, तेव्हा फोर बाय फोरची किंमत बोर्ली-दिवेआगर पट्ट्यात सगळ्यांना कळली. नवी परवडत नाही, म्हणून जुनी शोधायची. पण मंडळी, 'मॉडेल कुठलं' एवढंच विचारून भागत नाही. तीस वर्षांत पत्रा, हूड, टायर सगळं बदलतं. इंजिन कुठल्या घराण्यातलं ते बघा.

पहिलं घराणं विलीजचं. मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यातली सीजे-3बी म्हणजे आपली उंच बोनेटवाली. ते बोनेट रुबाबासाठी उंच नाही. महायुद्धातल्या जीपच्या 2.2 लिटर पेट्रोल इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. नंतरच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बोनेटही उचलावं लागलं. साधं, मजबूत, पण पेट्रोल पिणारं. म्हणून कित्येक जीपना मागाहून डिझेल इंजिन बसलं.

डिझेल आलं ते ट्रॅक्टरच्या वाटेने. इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबतच्या भागीदारीत बी-275 ट्रॅक्टर बनायचा, त्याच कुळातलं इंजिन जीपला मिळालं. कमी फेऱ्यांवर ओढ, आवाज भरपूर, आणि गावातल्या ट्रॅक्टर मिस्त्रीचा हात बसलेला. एमएम 540 मध्ये मात्र प्यूजोचं 2112 सीसीचं एक्सडीपी 4.90 आलं. 4 सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर. यात डिझेल आधी छोट्या कोठीत पेटतं, त्यामुळे आवाज मऊ. पण गार इंजिनाला हीटर प्लग लागतो आणि जास्त उष्णता हेडमधून पाण्यात जाते. रेडिएटर चोंदला असेल तर म्हसळ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना हे इंजिन लवकर तापणार. पुढचं 2523 सीसी डीआय थेट पिस्टनवर डिझेल मारतं. खडखड जास्त, पण हीटरवाचून चालू होतं.

माझं मत विचाराल तर वाडीच्या कामाला डीआय बरं. पण कुठलंही असो, रेडिएटरचं झाकण गार असताना उघडून बघाच. किनाऱ्यावर विहिरीचं मचूळ पाणी ओतलेलं असलं की आत तांबडा गाळ दिसतो, म्हणजे वॉटर जॅकेटही गंजलेलं.

मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. गरम इंजिन सगळं लपवतं. गार असताना चालू करा. निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. भकाभका वाफ आली तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे बोअर-पिस्टनचं काम आलं. ते निघालं की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही, शिवाय ऐन हंगामात गाडी मिस्त्रीकडे.

आणि एवढे इंजिनबदल झालेत म्हणून ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळवा. जुळत नसेल तर पेणच्या आरटीओत नोंद करून देण्याची अट मालकाला घाला, मगच विसार द्या. 15 वर्षं उलटलेली खासगी गाडी पुन्हा पास करून घ्यावी लागते, ते पासिंग पुढे 5 वर्षांचंच. किती उरलंय, ते त्याच बुकात लिहिलेलं असतं.