पडद्यावरील ठाकर : चेहरा, बोली आणि पात्रयोजना

इ. स. 1977 हे वर्ष कर्जत-खालापूर भागातील ठाकर जमातीच्या इतिहासात दोन निराळ्या कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'जैत रे जैत' हा चित्रपट आला आणि सह्याद्रीतील ठाकर एका मराठी चित्रपटाचा नायक झाला. त्याच वर्षी 27 जुलैपासून अनुसूचित जाती-जमातींच्या आदेशांत दुरुस्ती करणारा 1976 चा अधिनियम अंमलात आला. तोपर्यंत ठाकूर किंवा ठाकर ही अनुसूचित जमात म्हणून काही ठराविक तालुक्यांपुरतीच मान्य होती. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे त्यांपैकी होत. कोंडाण्याच्या बाजूचा ठाकर त्या तालुक्यांत ठाकर होता. मान्यताप्राप्त क्षेत्राबाहेर सरकारच्या लेखी तो तसा राहीलच असे नव्हते. ही क्षेत्रमर्यादा 1977 मध्ये उठली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि ठाकर कोणास म्हणावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न दोहींच्या मुळाशी आहे.

योगायोग असा की, याच वर्षी इंग्लंडातही अशाच स्वरूपाचा प्रश्न निर्माण करणारी एक कलाकृती दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. 'डॉक्टर हू' ही बी. बी. सी.ची विज्ञानकथामालिका 1963 पासून चालत आलेली होती. तिच्या अगदी पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा मूळचा लखनौचा, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कारण पडद्यामागे भारतीय दिग्दर्शक चालत असूनही पडद्यावर आशियाई पात्राला आशियाई नट मिळेलच असे नव्हते. 1964 साली हुसेन यांनीच दिग्दर्शित केलेल्या मार्को पोलोच्या कथेत कुब्लाईखानाची भूमिका मार्टिन मिलर या युरोपीय नटाने केली. 1977 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात दाखविलेल्या 'द टॅलन्स ऑफ वेंग-चिआंग' या कथेत लंडनच्या रंगमंचावरील चिनी जादूगार हे प्रमुख पात्र आहे, व ते जॉन बेनेट या इंग्रज नटाने रंगभूषेच्या साहाय्याने वठविले. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली व ती योग्यच होती.

या टीकेचा रोख मुख्यतः चेहऱ्यावर राहिला, आणि चेहऱ्यापुरता तो प्रश्न इंग्लंडने बऱ्याच अंशी सोडविला. फ्रीमा अग्येमन 2007 मध्ये, मनदीप गिल 2018 मध्ये नायकाच्या सहप्रवासी झाल्या आणि 2023 मध्ये शुटी गाट्वा हा कृष्णवर्णीय नट नायकाच्या भूमिकेत आला. भाषेची गोष्ट मात्र वेगळी आहे. या मालिकेत नायकाचे यानच सर्व ग्रहांवरील भाषांचे इंग्रजीत भाषांतर करते, अशी सोयीस्कर कल्पना योजिलेली आहे. त्यामुळे विश्वात कोठेही गेले तरी इंग्रजीच कानी पडते. बोलींचा भेद उरतो तो केवळ इंग्रजीच्या पोटात. 2005 चा नायक ख्रिस्टोफर एकल्स्टन उत्तर इंग्लंडच्या उच्चारात बोलला, याचे तेथे कौतुक झाले. त्याच्यामागून आलेला डेव्हिड टेनंट हा स्कॉटिश असूनही त्या भूमिकेत त्याने आपले उच्चार बाजूस ठेविले. परग्रहावरील माणसाने कोणत्या जिल्ह्याचे इंग्रजी बोलावे याचा एवढा काटेकोर विचार करणाऱ्यांना, त्याची स्वतःची भाषा असेल, हे मात्र कथेपुरते विसरावे लागते.

मराठी पडद्यावरील ठाकराचा विचार करताना ही गोष्ट उपयोगी पडते; कारण येथे मुख्य अंतर त्वचेच्या रंगाचे नाही. पुण्याचा नट आणि कर्जतचा ठाकर यांना वेगळे करते ते प्राधान्याने बोलणे होय. 'जैत रे जैत'ची मूळ कादंबरी गो. नी. दांडेकर यांची. तिचे स्थळ कर्नाळ्याचा परिसर. कर्जत-खालापूरला लागून असलेला हा मुलूख. तेथील सुळक्यावरची आग्यामोहोळे, पुण्यवंत होण्याची आस बाळगणारा ढोलिया नाग्या आणि नवरा सोडून त्याच्याकडे आलेली चिंधी, एवढ्या सामग्रीतून दांडेकरांनी ही कथा रचिली. चित्रपटात नाग्या झाले डॉ. मोहन आगाशे व चिंधी झाल्या स्मिता पाटील. नाग्याचा बाप असलेला भगत निळू फुले यांनी साकारला. अभिनयाच्या दृष्टीने या निवडीस नाव ठेवण्यास जागा नाही. चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही उचितच.

परंतु चिंधी या एका पात्राचे पृथक्करण करून पाहावे. तिचा चेहरा स्मिता पाटील यांचा. चित्रपटात येण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही अभिनेत्री. म्हणजे प्रमाण मराठीचा तो काळ ज्या मोजक्या आवाजांनी ओळखला जाई, त्यांपैकी एक आवाज तिचा. गाण्यातला गळा मंगेशकर भगिनींचा, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. शब्द ना. धों. महानोर यांचे, म्हणजे अजिंठ्याच्या बाजूच्या पळसखेडच्या कोरडवाहू रानात वाढलेल्या कवीचे. महानोरांची गीते मराठी चित्रपटसंगीतातील उत्तम गीतांत मोडतात. पण त्यांतील रान पळसखेडचे आहे, कर्नाळ्याचे नव्हे. संवादांची भाषाही पुण्यामुंबईच्या श्रोत्यास कोठे अडखळावे लागू नये अशीच आहे. एका ठाकर स्त्रीचे चित्र उभे करण्यास इतक्या थोर मंडळींचे साहाय्य झाले. त्यात ठाकरी बोलीचा वाटा काय, असे विचारल्यास उत्तर देणे कठीण जाते.

ठाकरी वापरली असती तर प्रेक्षकांना समजली नसती, हा आक्षेप येथे घेतला जाण्याचा संभव आहे. तो टिकणारा नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) ठाकरी ही कोकणातील मराठी बोलींतच गणली आहे. मराठीपासून तिचे अंतर फार नाही. शेजारच्या कातकऱ्यांच्या बोलीविषयी हा आक्षेप घेतला असता तर त्यात काही तथ्य असते, कारण तीत भिल्ली-गुजरातीशी नाते सांगणारे अंश अधिक आहेत. ठाकरी वगळली गेली ती दुर्बोध म्हणून नव्हे. नाटक-चित्रपटांनी 'ग्रामीण' म्हणून एक तयार बोली पूर्वीच घडवून ठेविली होती : 'ण'च्या जागी 'न', 'होय'च्या जागी 'व्हय', जोडीला 'लई' आणि 'न्हाई'. ही मुख्यतः देशावरची लक्षणे. तमाशापटातल्या पाटलापासून डोंगरातल्या आदिवासीपर्यंत कोणासही ती चढविता येतात, आणि चढविली की प्रेक्षकाला पात्र ओळखीचे वाटते. इंग्रज नटाच्या चेहऱ्यावरील रंगाचे जे कार्य, तेच या बोलीचे. फरक इतकाच की चेहऱ्यावरचा रंग दिसतो, म्हणून त्यावर टीका होते; हा रंग कानाला सरावलेला असल्याने त्याकडे लक्ष जात नाही.

कोंडाण्याच्या लेण्यात दर्शनी भागी एका भव्य मूर्तीच्या मस्तकाचा अवशेष आहे. शेजारच्या ब्राह्मी लेखातून ते काम कण्हाचा शिष्य बलक याने केले एवढे कळते. घडविणाऱ्याचे नाव दोन सहस्र वर्षे टिकले आणि ज्याचे मस्तक घडविले त्याचे टिकले नाही. चित्रपटांच्या श्रेयनामावलीचा न्याय फारसा निराळा नाही.

'जैत रे जैत'नंतर तीनच वर्षांनी आलेल्या 'आक्रोश' (1980) या गोविंद निहलानी यांच्या हिंदी चित्रपटाने हा प्रश्न फार वेगळ्या रीतीने हाताळिला. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू (ओम पुरी) जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलतच नाही. त्याच्या विरुद्ध उभा राहणारा सरकारी वकील दुसाने (अमरीश पुरी) हाही जन्माने आदिवासीच. पण तो न्यायालयाच्या भाषेत सफाईने बोलतो. आदिवासीला बोलावयाचे तर प्रस्थापितांच्या भाषेत, नाहीतर मौन, हे दोनच मार्ग तेंडुलकरांनी समोरासमोर उभे केले. दोन्ही भूमिका आदिवासी नटांनी केल्या नाहीत, हा आक्षेप येथेही आहेच. तरी ज्याची भाषा लेखकाजवळ नाही त्याच्या तोंडी उसनी भाषा न घालण्याचा प्रामाणिकपणा या मौनात आहे, आणि तो 'जैत रे जैत'च्या मधुर गीतांत नाही असे म्हणणे भाग आहे.

बोलीलाच भूमिका मिळण्यास 2013 साल उजाडावे लागले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे नावच कैकाडी आहे. डुकराला त्या भाषेत तो शब्द आहे. कुटुंबातील माणसे घरात कैकाडीत बोलतात, बाहेर मराठीत, आणि शाळकरी जब्याला ह्या दोहोंमधली रेषा लाज म्हणून जाणवते. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा खेड्यातला मुलगा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कैकाडी तर द्राविड कुळातली, म्हणजे ठाकरीहून मराठीला कितीतरी दूरची. तरी प्रेक्षकांची त्यामुळे अडचण झाली नाही. समजण्याच्या सबबीचे यावरून काय ते मोल कळते.

हा सर्व विचार केवळ कलेपुरता असता तर त्यास एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु क्षेत्रमर्यादा उठल्यावर खरा ठाकर ओळखण्याचे काम जातपडताळणी समित्यांकडे आले. ठाकूर हे आडनाव इतरही अनेकांचे असल्याने ही ओळख आणखी अवघड झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या माधुरी पाटील खटल्यातील निर्णयाने जमातीची दैवते, विधी, विवाह व अंत्यसंस्काराच्या चालीरीती तपासण्याची पद्धत घालून दिली. ती आप्तभाव-चाचणी म्हणून ओळखली जाते. तिच्यात अर्जदाराला आपण ठाकर असल्याचे दाखवून द्यावे लागते. ठाकर म्हणजे काय याचे वर्णन मात्र आधीच दुसऱ्या कोणी लिहिलेले असते. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकुरांवरील इंग्रजी ग्रंथ 1960 चा; तो मोलाचा आहे, पण ज्या पिढीचे ते वर्णन आहे तिची नातवंडे आता कारखान्यांत व शाळांत आहेत. स्थलांतर व आधुनिक जीवन यांमुळे अशी लक्षणे बदलतात, हे न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केले. पुढे 24 मार्च 2023 रोजी, ठाकूर जमातीच्याच एका संघटनेच्या प्रकरणात, ही चाचणी प्रत्येक वेळी निर्णायक मानता येणार नाही असे ठरविले. चाचणी रद्द झालेली नाही. कागदोपत्री पुराव्याने समितीचे समाधान न झाल्यास अर्जदाराला आजही तिच्यापुढे उभे राहावे लागते.