पदव्यांमागची पुस्तके



आपल्या घराघरांत परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. खाली पदव्या लिहिलेल्या असतात : एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. पोरंसोरंसुद्धा त्या घडाघडा म्हणून दाखवतात. पण त्या पदव्यांमागे कोणती पुस्तके उभी आहेत, हा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ ला एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथे भारतातील जातींवर निबंध वाचला, तो पुढच्या वर्षी छापून आला. १९१७ साली ते मायदेशी परतले, तेव्हा वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके महायुद्धात समुद्रात बुडाली. दुसरा एखादा असता तर तिथेच खचला असता.

कोलंबियाचा त्या काळी नियम असा होता की प्रबंध नुसता मान्य होऊन भागत नसे. तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत, मगच पीएच.डी. हातात पडे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा हा ग्रंथ १९२५ साली लंडनला छापला गेला. प्रस्तावना गुरू प्रा. सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव महाराजांना. पदवी मिळाली १९२७ ला. म्हणजे आधी पुस्तक, मग पदवी!

त्याआधी, १९२३ साली, लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ म्हणून निघाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. प्रा. कॅनन यांनी प्रस्तावनेत लिहिले की बरीचशी मते आपल्याला पटत नाहीत, तरीही विचारांतल्या ताजेपणाची मनापासून दाद दिली. विरोधकाने मान द्यावा, याहून मोठे सर्टिफिकेट कोणते?

आता कुणी म्हणेल, रुपयाच्या भावाशी आपला काय संबंध? संबंध आहे. रुपयाची किंमत घसरली की निर्यात करणाऱ्या धंदेवाल्यांचा फायदा होतो. पण तो फायदा येतो कुठून? महागाई पुढे पळते, मजुरी मागून रखडत येते, आणि मधली तूट कामगाराच्या पोटातून जाते. हे बाबासाहेबांनी त्या ग्रंथात दाखवून दिले. आम्ही गिरणीत साचे चालवलेली माणसं. पगार तेवढाच आणि वाण्याचं बिल वाढलेलं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याचं कारण मात्र या पुस्तकानं शिकवलं. त्या काळी बाबासाहेब स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरण्यांच्या भोंग्याच्या टापूत राहत होते.

१९८९ साली महाराष्ट्र शासनाने हे दोन्ही ग्रंथ बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात एकत्र छापले. आज आपल्या वस्तीत बी.कॉम., एम.कॉम. झालेली मुलंमुली आहेत. त्यांनी हा खंड वाचावा, विहारात बसून आयाबायांना साध्या मराठीत समजावून सांगावा, आणि पुढे स्वतःही लिहावे. पदवी भिंतीवर राहते. पुस्तक हातोहात फिरते.

जयभीम!