शिशाचे नळ : धोका ठाऊक, तरी दोन हजार वर्षे वापर

१/ इ.स.पूर्व पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवले : शिशाच्या नळांपेक्षा मातीच्या नळांतील पाणी हितकर. पुरावा म्हणून त्याने शिसे हाताळणाऱ्या कारागिरांच्या फिकट वर्णाकडे बोट दाखवले.

२/ तरीही शिसे टिकले, कारण ते सहज वाकते आणि दीर्घकाळ फुटत नाही. ‘प्लंबर’ हा शब्दही शिशाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन नावावरूनच आला. शिकागोत तर घरजोडणीसाठी शिशाचे नळ १९८६ पर्यंत सक्तीचे होते. त्या वर्षी अमेरिकेने बंदी घातली. जमिनीतले जुने नळ मात्र जागीच राहिले.

३/ एप्रिल २०१४ मध्ये मिशिगनमधील फ्लिंट शहराने खर्च वाचवण्यासाठी नदीचे पाणी घेतले. ते धातू अधिक झिजवणारे होते, आणि गंजरोधक फॉस्फेट त्यात मिसळलेच गेले नाही. नळांतील संरक्षक थर सुटला, शिसे पाण्यात उतरले. २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे उघड केले.

४/ पाण्यातील असे शिसे ना दिसते, ना चवीला कळते. म्हणून नळ गळू लागण्याची वाट पाहणे व्यर्थ. करड्या, मऊ, खरवडताच चकाकणाऱ्या आणि चुंबक न धरणाऱ्या नळाची बदलण्याची वेळ केव्हाच येऊन गेलेली असते.