जकात आणि वक्फ: सिल्लोडच्या वाटेवरील दोन शब्द

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, 60-65 किलोमीटरांवर, सिल्लोड लागतें. लेणीं पाहण्याच्या घाईंत असलेला प्रवासी तेथें फारसा थांबत नाहीं. परंतु मका, कापूस आणि मिरची यांच्या उलाढालीवर चालणाऱ्या या पेठेंत जो घटकाभर उभा राहील, त्याच्या कानांवर माल, नफा, हिशेब, दलाल, हमाल, जामीन, कर्ज, वसूल, बाकी हे शब्द अखंड पडतील. बोलणारा वाणी असो, मराठा असो कीं मुसलमान असो, शब्द तेच. हे सारे मूळ अरबी. पण आज त्यांना परके म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. आम्हांस प्रश्न पडतो तो असा कीं, हे शब्द या मुलखांत आले तेव्हां इस्लामच्या व्यवहारविषयक तत्त्वांपैकीं काय आपल्याबरोबर घेऊन आले, आणि काय वाटेंत सांडून आले?

ही वाट जुनी आहे. 1610 मध्यें मलिक अंबरानें खडकी वसविली. 1653 नंतर तिचें औरंगाबाद झालें. आणि अजिंठ्याच्या घाटानें बऱ्हाणपुराकडे जाणारा हा मार्ग दक्षिणेच्या सुभ्यांचा राजमार्ग बनला. फर्दापूरची मोगली सराई आणि अजिंठा गांवाची पहिल्या निजामाच्या काळची तटबंदी या त्याच्या अजून उभ्या असलेल्या खुणा होत. जेथें राजमार्ग तेथें व्यापारी, आणि जेथें व्यापारी तेथें जकातदार, हें ओघानेंच आलें. तेव्हां जकातीपासूनच आरंभ करूं.

धर्मशास्त्राप्रमाणें जकात म्हणजे नुसती सरकारी पट्टी नव्हे. अरबी भाषेंत या शब्दाला शुद्धि आणि वृद्धि असे दोन्ही अर्थ आहेत. ठराविक मर्यादेहून अधिक अशी संपत्ति ज्याच्यापाशीं वर्षभर राहिली, त्यानें तिच्यांतील अडीच टक्के भाग काढून दिला पाहिजे. तो दात्याचा उपकार नसून घेणाऱ्याचा हक्क मानला आहे. हा पैसा कोणाकडे जावा याचे आठ वर्ग कुराणांत सांगितले आहेत. त्यांत कर्जांत बुडालेला मनुष्य आणि वाटेंत अडलेला प्रवासी हे दोन वर्ग आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

मग हाच शब्द नाक्यावर कसा येऊन बसला? प्रारंभींच्या इस्लामी राज्यांत व्यापारी मालावरील जकात रस्त्यावरच घेण्यासाठीं अधिकारी नेमीत. मुसलमान व्यापाऱ्याकडून अडीच टक्के आणि राज्यांतील इतर धर्मीयांकडून त्याच्या दुप्पट, असा हनफी शास्त्राचा दर होता. औरंगजेबानें 1665 मध्यें हाच दर लागू केला, आणि 1667 मध्यें मुसलमानांना त्यांतून सूट दिली. येथें पडदा ठेवून लिहिण्यांत अर्थ नाहीं. गरजूच्या हक्काची कल्पना मागें पडली, आणि धर्म पाहून कमीजास्त होणारा कर तेवढा उरला. ज्याला दुप्पट द्यावें लागलें त्यानें या शब्दांत दया किंवा न्याय पाहावा तो कोठून?

मराठी राज्यानें शब्द घेतला आणि त्याला आपला अर्थ दिला. 1671 मध्यें शिवाजीमहाराजांनीं कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशांतून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे संगमेश्वराकडील मिठाचा खप राहील, असा त्याचा आशय आहे. जकात येथें देशी उत्पादकाचें कवच झाली. ज्या महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करवून फारसी-अरबी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आणण्याचा उद्योग केला, त्यांच्याच कारभारांत हा शब्द राबत राहिला. कोश ग्रंथालयांत राहिला, जकात नाक्यावर राहिली. मुंबई महानगरपालिकेची जकात 1 जुलै 2017 रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां बंद झाली, आणि तिच्याबरोबर या शब्दाचा सरकारी संसारहि संपला. आज सिल्लोडच्या मुसलमान कुटुंबांत रमजानच्या महिन्यांत तो आपल्या मूळ अर्थानें उच्चारला जातो. शेजारच्या हिंदु घरांतील वडील माणसांना मात्र त्या शब्दानें अडलेली मालमोटार आठवते.

दुसरा शब्द कर्ज. कुराणानें व्यापार योग्य ठरविला आणि व्याज निषिद्ध केलें. पैशावर पैसा मिळवावयाचा तर धोक्यांतहि वांटा घ्यावा, एकानें भांडवल द्यावें, दुसऱ्यानें श्रम करावे, नफा ठरल्या प्रमाणांत वाटून घ्यावा. आणि अडलेल्याला द्यावयाचें तर मुद्दलापलीकडे कांहीं मागूं नये, असा त्याचा सारांश आहे. मराठीनें कर्ज हा अरबी शब्द स्वीकारला, पण त्याच्या शेजारीं व्याज हा संस्कृत शब्द जसाच्या तसा ठेवला. शब्दांची ही जोडी इतिहासाचा पुरावाच आहे. देणें आलें, निषेध आला नाहीं. 1875 मध्यें सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यावरून 1879 चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. तो ब्रिटिश मुलखांतला. सिल्लोड निजामाच्या राज्यांत होतें. तेथें राजा मुसलमान असूनहि सावकाराच्या वहींत व्याज चढतच होतें, आणि 1914 मध्यें हैदराबाद संस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला तोहि व्याजाच्याच पायावर. हैदराबाद शहरांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या लहान संस्था निघाल्या होत्या. उस्मानिया विद्यापीठांतील पंडित मुहम्मद हमीदुल्ला यांनीं त्यांविषयीं लिहूनहि ठेवलें आहे. पण संस्थानी राजवट 1948 मध्यें संपेपर्यंत तें तत्त्व मराठवाड्याच्या बांधापर्यंत राज्याचें धोरण म्हणून पोंचलें नाहीं.

येथवरची हकीकत वाचून कोणी म्हणेल कीं, तत्त्वें ग्रंथांत राहिलीं आणि शब्द बाजारांत आले, एवढाच याचा निष्कर्ष. तसें नाहीं. सिल्लोडहून उलट संभाजीनगराकडे यावें आणि खाम नदीच्या कांठीं पाणचक्कीपाशीं उभें राहावें. बुखाऱ्याकडून आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याभोंवतीं ही जागा वाढली. डोंगरांतील झऱ्याचें पाणी जमिनीखालील नळांनीं आणून उंचावरून सोडलें. त्याच्या जोरावर जातें फिरलें, आणि त्या पिठावर फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांचें पोट भरलें. मलिक अंबरानें या शहरासाठीं जी पाण्याची युक्ति प्रथम योजिली, तिचाच हा पुढला अवतार होय.

हें वक्फाच्या कल्पनेंतून टिकलें. वक्फ याचा मूळ अर्थ थांबविणें. मालमत्ता थांबवावयाची, म्हणजे ती विकतां येऊं नये, वारसांत वांटली जाऊं नये. आणि तिचें उत्पन्न मात्र वाहतें ठेवावयाचें. मराठी वाचकास देवस्थान-इनामाचें उदाहरण परिचित आहे. कल्पना त्याच जातीची आहे. पाणचक्कीचें पाणी पिणाऱ्याला कोणी धर्म विचारला नाहीं. म्हणूनच ती साऱ्या शहराची झाली. तिचा उल्लेख करतांना मराठवाड्यांतील मनुष्य दर्ग्याचें नांव घेईलच असें नाहीं, पण 'आमची पाणचक्की' असें म्हणेल. नाक्यावरील जकातीला 'आमची' असें कोणीच कधीं म्हटलें नाहीं. आमच्या मतें दोहोंतील सारा फरक या एका सर्वनामांत आहे.

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाहीं. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचें मुख्य कार्यालय त्याच पाणचक्कीच्या आवारांत आहे. 1995 चा वक्फ कायदा 2025 मध्यें बदलण्यांत आला, आणि त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. एक पक्ष म्हणतो जमिनी बळकावल्या, दुसरा म्हणतो हक्क बळकावले. वक्फाच्या उत्पन्नांतून किती विद्यार्थी शिकले आणि किती विहिरी खणल्या, याचा हिशेब मात्र कोणी मागत नाहीं. तीच गोष्ट बिनव्याजी कर्जाची. 2008 मध्यें रघुराम राजन समितीनें अशा व्यवस्थेची शिफारस केली. 2016 मध्यें सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनें बार्शीस बिनव्याजी कर्जाचा एक प्रयोग केला. 2017 मध्यें रिझर्व्ह बँकेनें इस्लामी बँकेचा विचार पुढें न नेण्याचें ठरविलें. मुंबईंत मात्र 2010 च्या डिसेंबरांत शरीयतीच्या कसोटीस उतरणाऱ्या कंपन्यांचा निर्देशांक शेअरबाजारांत सुरू झाला होता. म्हणजे ज्याच्यापाशीं गुंतविण्यास पैसा आहे त्याला तत्त्व पाळण्याची सोय झाली. ज्याला पेरणीसाठीं पैसा हवा आहे त्याची झाली नाहीं. जकातीच्या आठ वर्गांतला कर्जबाजारी अजून नाक्यापलीकडेच उभा आहे.

मराठवाड्याची ओळख एकाच धर्मानें घडविली असें म्हणणारे चुकतात. आणि ती आपोआप गोडीगुलाबीनें घडली असें म्हणणारेहि चुकतात. येथें जें न्यायानें आलें तें लोकांनीं आपलें केलें, जें भेदानें आलें तें फक्त सोसलें. उद्यां सिल्लोडच्या पेठेंत कोणी सहकारानें म्हणा, वक्फाच्या उत्पन्नांतून म्हणा, मिरची लावणाऱ्या शेतकऱ्याला हंगामापुरतें बिनव्याजी कर्ज देण्याचा उद्योग केला, तर त्यानें तीन गोष्टी सांभाळाव्या. घेणाऱ्याचा धर्म विचारूं नये, वही उघडी ठेवावी, आणि पीक बुडालें तर तोट्यांतहि वांटा घ्यावा. मग त्या उद्योगाला अरबी नांव आहे कीं मराठी, याची चौकशी बाजार करणार नाहीं. तो त्या नांवालाहि आपल्या शब्दांत सामावून घेईल, जसा त्यानें नफा घेतला आणि हिशेब घेतला.