फॅक्टरी म्हणजे वखार

1613 साली इंग्रजांनी सुरतेत ‘फॅक्टरी’ काढली, असे वाचले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे धुराडे येते, भोंगा येतो, पाळी सुटल्यावर दारातून लोटणारी गर्दी येते. सुरतेत यातले काहीच नव्हते. तिथे होते एक भाड्याचे मोठे घर. खाली कापडाचे गठ्ठे आणि निळीची साठवण, वर राहायच्या खोल्या. या घरात ना चरखा फिरत होता ना माग. तयार माल विकत घ्यायचा, जहाज येईपर्यंत सांभाळायचा आणि विलायतेला रवाना करायचा, एवढ्यासाठी ते घर होते.

मग त्याला फॅक्टरी का म्हणायचे? कारण तिथे ‘फॅक्टर’ राहत. फॅक्टर म्हणजे धन्याच्या वतीने सौदा करणारा माणूस, आपल्या बाजारपेठेच्या भाषेत अडत्या किंवा गुमास्ता. शब्दाचे मूळ लॅटिन, अर्थ ‘करणारा’. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पायऱ्या ठरलेल्या होत्या: आधी रायटर, मग फॅक्टर, त्यावर धाकटा मर्चंट आणि थोरला मर्चंट. रायटरला वर्षाला 10 पौंड, फॅक्टरला 20. सगळ्यांनी एका पंक्तीला जेवायचे, सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला हजर राहायचे, रात्री दरवाजा बंद व्हायच्या आत परतायचे. व्यापारी पेढी, कोठार आणि वसतिगृह एकाच छपराखाली, असा तो संसार होता.

ही रीत इंग्रजांची नव्हे. पोर्तुगीजांची ‘फेइतोरिया’ त्यांच्या शंभर वर्षे आधी कोचीनला उभी राहिली होती. डचांनी सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला बांधलेल्या इमारतीच्या भिंती आजही उभ्या आहेत आणि लोक तिला ‘डच वखार’ म्हणतात. मराठीने या परक्या घरांसाठी शब्द उसना घेतला नाही. माल साठवायची जागा म्हणजे वखार; परदेशी व्यापाऱ्याचे ठाणे तीच गोष्ट करते, म्हणून तेही वखार. नेमका आणि साधा शब्द.

पण वखारीत फक्त गठ्ठे असतात हा भ्रम कोकणाने लवकर टाकला. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, शिवाजी महाराज आत अडकले होते. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला गेले आणि इंग्रजांचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. मिठा-मिरीचा हिशेब लिहिणारी माणसे ही! महाराज गडावरून निसटले. पुढच्याच वर्षी त्यांनी राजापूर गाठले, वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केले. त्यांतले काही 1663 पर्यंत सुटले नाहीत. 1674 साली इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाच्या बोलणीला आला, तेव्हाही राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय होताच.

हा अनुभव मराठी राज्यकारभाराने कागदावर उतरवून ठेवला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपी व्यापाऱ्यांविषयी, जे बजावले आहे, ते वाचताना त्या नजरेच्या धारेचे कौतुक वाटते. इतर सावकार आणि हे टोपीकर सारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, हे आधी सांगितले आहे. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठी देऊ नये. राजापुरासारख्या आत असलेल्या गावी, सखल जागी द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा सल्ला आहे. घर मागणारा उद्या कोट बांधेल, हे अमात्यांनी ओळखले होते. मद्रास आणि कलकत्त्याला नेमके तेच झाले: वखारीभोवती तट उभा राहिला, आणि तटाभोवती शहर.

इकडे विलायतेत शब्दाचा अर्थ सरकत होता. माल तयार होणाऱ्या जागेलाही फॅक्टरी म्हणू लागले होते. पाण्यावर आणि मग वाफेवर चालणाऱ्या सूतगिरण्या आल्यावर तोच अर्थ वरचढ झाला. मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी 1856 साली सुरू झाली, तोवर सुरतेचा अर्थ जुन्या दप्तरांत जाऊन बसला होता. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. त्या कायद्यातली फॅक्टरी यंत्रांची होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी आठवड्याच्या सुटीसाठी गिरणी कामगारांना एकत्र केले, तेही याच फॅक्टरीतल्या माणसांसाठी.

आपला ‘कारखाना’ शब्दही असाच फिरला आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत पीलखाना होता, जामदारखाना होता, फरासखाना होता: हत्ती, खजिना, तंबू-बिछायती सांभाळणारी सरकारी खाती. पुण्याच्या फरासखाना पोलीस ठाण्याने त्यातले एक नाव आजवर जपले आहे. आज कोल्हापूर-सांगलीकडे नुसते ‘कारखान्यावर गेलाय’ म्हटले की साखर कारखानाच समजायचा.

म्हणूनच सुरतेच्या आणि राजापूरच्या फॅक्टरीचे भाषांतर ‘कारखाना’ असे छापलेले दिसले की खटकते. एवढ्या एका शब्दाने व्यापारी गुमास्ते एकदम उद्योजक होऊन बसतात आणि अमात्यांना भीती कशाची वाटत होती, तेच कळेनासे होते. मराठीत यासाठी तीनशे वर्षांपूर्वीचा शब्द तयार आहे. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी आणि इतिहासाची भाषांतरे करणाऱ्यांनी तिथे वखारच लिहावे.